आगाऊ घेतलेली फी कोणाची?

परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणे हा जगातील एक मोठा धंदा आहे. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, ऑस्ट्रेलिया या देशांत त्यासाठी विद्यार्थी बाहेरून येतात. जपानमध्ये उलट शिक्षकच बाहेरून आणतात. आपल्या पुण्यातही इराण, येमेन, सुदान येथून आलेली मुले कॉलेजच्या जोडीने इंग्रजीचे क्लास लावतात. भांडवल थोडे, माल साठवायचा नाही आणि फी आधी हातात पडते, म्हणून आपल्या शिकलेल्या तरुणांना हा धंदा सोपा वाटतो. पण फी आधी हातात पडते यातच खरी गोम आहे.

कापडाचा व्यापारी आधी माल देतो आणि मग वसुलीसाठी फिरतो. क्लासवाल्याचे उलटे असते. तो सहा महिन्यांचे पैसे आज घेतो व माल तासातासाने देतो. म्हणजे जोवर शिकवून झालेले नाही, तोवर तोच विद्यार्थ्यांचा देणेकरी असतो. वहीत मात्र ही रक्कम ‘फी जमा’ अशी चढते आणि मालक ती कमाई समजून चालतो.

एक हिशेब करून पाहू. वीस विद्यार्थ्यांनी सहा महिन्यांचे प्रत्येकी ३०,००० रुपये भरले. गल्ल्यात ६ लाख आले. दरमहा खरी कमाई १ लाख आणि भाडे-पगाराचा खर्च ८०,००० धरा. पहिल्या महिन्याअखेर ५ लाख २० हजार शिल्लक दिसतात. मालकाला हुरूप येतो आणि तो ४ लाख घालून दुसरी शाखा उघडतो. उरले १ लाख २० हजार, आणि पुढच्या पाच महिन्यांचा खर्च आहे ४ लाख. आता जुन्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी नव्यांची फी हवी. नवे येत आहेत तोवर गाडी चालते. ज्या दिवशी ते थांबतील, त्या दिवशी भरलेल्या वर्गातच दिवाळे निघते.

हे काल्पनिक वाटत असेल, तर जपानच्या ‘नोव्हा’ कंपनीकडे पाहावे. १९८१ साली ओसाका शहरात सुरू झालेली ही इंग्रजी संभाषणाची शिकवणी पुढे त्या देशातील सर्वात मोठी झाली. भरभराटीच्या काळात नऊशेहून अधिक शाखा होत्या. गिऱ्हाईक एकदम शेकडो तासांची कुपने विकत घेई. जितके तास जास्त, तितका दर स्वस्त. मधेच सोडणाऱ्याने परतावा मागितला की कंपनी झालेले तास महाग दराने धरी आणि हातावर थोडेच टेकवी. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली. जूनमध्ये सरकारने कंपनीला नवे लांब मुदतीचे करार करण्यास सहा महिने बंदी केली. नव्या पैशाचा नळ बंद झाला, परतावा मागणारे वाढले आणि पगार रखडले. शिक्षकांच्या पगारातून घरभाडे कापले जात होते, तेही घरमालकांपर्यंत पोहोचेना. २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पैसे अडकले आणि हजारो परदेशी शिक्षक परमुलखात बेकार झाले. लक्षात घ्या, मागणी संपली नव्हती. लोकांना इंग्रजी शिकायचेच होते.

ऑस्ट्रेलियाने हा चटका त्याआधीच सोसला होता. १९८० नंतरच्या दशकात तेथील इंग्रजी शाळांनी हजारो चिनी विद्यार्थ्यांकडून आगाऊ फी घेतली. १९८९ साली व्हिसा कडक झाले, विद्यार्थी येऊ शकले नाहीत आणि परताव्यासाठी अनेक शाळांकडे पैसाच नव्हता. सरकारला खिशात हात घालावा लागला. मग १९९१ च्या कायद्याने ही फी वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आले. २०१२ पासून संस्थांच्या वर्गणीतून एक संरक्षण योजनाही चालते. शाळा बुडाली तर विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश किंवा न शिकविलेल्या भागाचे पैसे मिळतात.

आपल्याकडे क्लास काढणाऱ्याने कायद्याची वाट पाहू नये. बँकेत दुसरे खाते उघडावे आणि सगळी आगाऊ फी तिथे ठेवावी. महिना शिकवून झाला की त्या महिन्यापुरतीच रक्कम चालू खात्यात घ्यावी. दुसरी शाखा काढायची तर या कमाईतून काढावी. शिंपी, सुतार, फर्निचरवाले, टूरवाले यांनाही हे तितकेच लागू आहे. एका गिऱ्हाइकाच्या बयाण्यातून दुसऱ्याचे लाकूड आणण्याची सवय अनेक कारखान्यांत आम्ही पाहतो. बयाणा ही अमानत आहे, हे तोंडाने सगळेच म्हणतात. वहीत तसे खाते फार थोड्यांचे असते.

पावतीच्या मागे परताव्याचा नियम सोप्या शब्दांत छापावा: मधेच सोडल्यास झालेले तास कोणत्या दराने धरणार आणि बाकी किती दिवसांत देणार. दर मात्र ज्या भावाने विकला तोच असावा. परदेशी विद्यार्थ्यासाठी आणखी एक ओळ हवी: व्हिसा नाकारला गेला किंवा वाढवून मिळाला नाही, तर काय. तो मुलगा घरी परतल्यावर पैशासाठी तुमच्या दारात येऊ शकणार नाही, म्हणून हे आधीच लिहून द्यावे.