शिकारी पक्ष्यांची शिरगणती

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

शिरगणती म्हटली की वही घेऊन दारात उभे राहिलेले मास्तर आपल्याला आठवतात. माणसे निदान घरी तरी सापडतात. परंतु जे आभाळातून जातात व क्षणभर थांबत नाहीत, त्यांची मोजदाद कशी करावयाची?

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हेराक्रूझ राज्यात हे काम दर शरद ऋतूत चालते. तेथे चिचिकाक्सत्ले या गावी टेहळणीचा मनोरा आहे आणि जवळच्या कार्देल गावात एका हॉटेलच्या गच्चीवर दुसरे ठाणे आहे. उत्तर अमेरिकेतील थंडी टाळून दक्षिणेकडे निघालेले बाज, घारी व गिधाडे येथून जातात. एका हंगामात ४० लाखांहून अधिक पक्ष्यांची नोंद येथे झालेली आहे.

इतके पक्षी याच ठिकाणी का, याचे उत्तर नकाशात आहे. मोठ्या पंखांचे हे पक्षी पंख मारून दूरचा प्रवास करीत नाहीत. ती ताकद त्यांना परवडत नाही. उन्हाने जमीन तापली की गरम हवा वर चढते. तिच्यावर स्वार होऊन ते घिरट्या घेत उंच जातात व तेथून पुढे तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा सहसा मिळत नाही, म्हणून ते जमीन सोडत नाहीत. व्हेराक्रूझमध्ये पश्चिमेस सिएरा माद्रे ओरिएंताल पर्वत व पूर्वेस मेक्सिकोचे आखात. मध्ये सपाटीची अरुंद पट्टी. बाजारच्या दिवशी चारी वाटांची गर्दी जशी एका पुलावर दाटते, तसेच येथे घडते.

आता मोजणीची रीत. हजारो पक्षी एकाच भोवऱ्यात गरगरत असताना त्यांना मोजता येत नाही. माथ्यावर पोचले की ते एकामागून एक पुढच्या भोवऱ्याकडे सरळ घसरत जातात. तेथे मनाशी एक रेघ धरायची आणि ती ओलांडणारे पक्षी मोजायचे. रांग दाट असेल तर दहा-दहाचे किंवा शंभराचे गट धरतात व हातातील मोजणीयंत्राची कळ दाबतात. दर तासाचा आकडा, पक्ष्याची जात, वारा, ढग हे सारे लिहून ठेवतात. हे वाचताना मला नवल वाटले नाही. माझे वडील मेंढरे मोजतात ती वाड्याच्या आत नव्हे, तोंडाशी. आत तेच मेंढरू पुन्हा पुन्हा मोजले जाते.

अर्थात ही संख्या पुरी नसते. दुपारी निरभ्र आकाशात काही पक्षी इतके उंच जातात की दुर्बिणीतही सापडत नाहीत. वर्गात मी हा विषय मांडला तेव्हा सरांनी विचारले, "मग अपुऱ्या आकड्याचा उपयोग काय?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्याच प्रश्नासाठी लिहिला आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथून जाणारे शिकारी पक्षी लोक बंदुकीने सर्रास पाडीत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती जमीन भाड्याने घेतली आणि मॉरिस ब्रून यांना राखणदार नेमले. ब्रून माथ्यावरच्या खडकावर बसून पक्षी मोजू लागले. तेथे मनोरा नव्हता, पण जागा तीच आणि रीतही तीच. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे पिल्लू पहिली काही वर्षे तपकिरी असते, त्यामुळे लहान-मोठे वेगळे लिहिता येत. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के लहान होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले, आणि १९५७ साली तर ३२ मोठ्यांमागे एकच लहान दिसला. गरुड दीर्घायुषी असल्याने आकाशात मोठे गरुड दिसतच होते. नुसत्या डोळ्यांना काही बिघडलेले वाटले नसते. घरट्यात पिले निपजत नव्हती, हे वहीने सांगितले. शेतात फवारलेले डीडीटी पाण्यातून माशांत व माशांतून गरुडांत जाई आणि अंड्यांची कवचे पातळ होत. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात हेच आकडे पुराव्यादाखल दिले. १९७२ साली अमेरिकेत शेतीतील डीडीटीवर बंदी आली, व २००७ मध्ये हा गरुड तेथील संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

सर, उणीव दरवर्षी सारखीच असेल तर तुलना खरी ठरते, असे मला वाटते.

आपल्याकडे भरतपूरला १९८० च्या दशकात गिधाडे मोजलेली होती, म्हणून पुढच्या दशकात ती नाहीशी होत असल्याचे आकड्यांनिशी दाखविता आले. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण २००४ साली उघड झाले आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. आमच्या गावी मेलेली ढोरे टाकतात त्या माळावरही पूर्वी गिधाडे उतरत. मी एकही पाहिलेले नाही. किती असत, असे वडिलांना विचारले तर ते म्हणतात, "लई असायची."

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी गावच्या तळ्यावरील घारी मोजावयास प्रारंभ केला. सकाळी आठ ते नऊ, रोज त्याच वडाखालून. पहिल्या दिवशी ११ भरल्या, दुसऱ्या दिवशी ढग होते व ४.