घटक ४ : पारिभाषिक संज्ञांचे भाषांतर – ‘उत्तर-आधुनिक’ या संज्ञेच्या निमित्ताने

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• सामान्य शब्द आणि पारिभाषिक संज्ञा यांच्या भाषांतरातील फरक सांगता येईल.
• एकच संज्ञा दोन परंपरांत भिन्न अर्थाने कशी वापरली जाते, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• ‘उत्तर-आधुनिक’ व ‘आधुनिकोत्तर’ या मराठी पर्यायांची चिकित्सा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

वैचारिक लेखनाचे भाषांतर करताना पहिली अडचण येते ती संज्ञांची. सामान्य शब्दाचा अर्थ संदर्भावरून लागतो. संज्ञेचा अर्थ मात्र एखाद्या ज्ञानशाखेने ठरवून दिलेला असतो. मराठीत संज्ञा घडविण्याची परंपरा जुनी आहे. शिवकाळात राज्यकारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि त्याने अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. कोश हाताशी असला म्हणजे प्रश्न सुटला, असे आपणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संज्ञेला अर्थाबरोबर स्वतःचा इतिहासही असतो, आणि तो कोशातील एका ओळीत मावत नाही. या घटकात आपण हे ‘उत्तर-आधुनिक’ या एकाच संज्ञेच्या आधारे पाहणार आहोत. त्यासाठी प्रथम स्पॅनिशमधून इंग्रजीत होणाऱ्या भाषांतराचे उदाहरण घेऊ, कारण तेथे शब्दांचे रूप जवळजवळ सारखे असूनही अर्थ फसवा ठरतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सारखे रूप, निराळा अर्थ

स्पॅनिशमधील ‘मोदेर्निस्मो’ आणि इंग्रजीतील ‘मॉडर्निझम’ हे शब्द एकमेकांचे पर्याय वाटतात. प्रत्यक्षात साहित्याच्या इतिहासात त्यांचा काळही एक नाही आणि आशयही एक नाही. निकाराग्वाचा कवी रुबेन दारिओ याचे ‘असुल’ हे पुस्तक १८८८ मध्ये चिलीतील व्हालपराइसो येथे प्रसिद्ध झाले. नादमय भाषा, नवी वृत्ते आणि सौंदर्यपूजा ही वैशिष्ट्ये असलेली जी काव्यचळवळ त्यातून पुढे आली, तिला ‘मोदेर्निस्मो’ म्हणतात. इंग्रजीतील ‘मॉडर्निझम’ म्हटले की टी. एस. एलियट आणि जेम्स जॉइस यांची १९२२ मधील पुस्तके डोळ्यांसमोर येतात. तेथे भर आहे तो तुटलेपणावर. या प्रयोगशील प्रवृत्तीच्या जवळचा स्पॅनिश शब्द आहे ‘बांग्वार्दिया’, म्हणजे अग्रदल. दृश्यकलेत घोटाळा आणखी वाढतो. बार्सिलोनाचा वास्तुकार अंतोनी गावदी याच्या संदर्भात ‘मोदेर्निस्मो’ आला, तर त्याला जवळची इंग्रजी संज्ञा ‘आर्ट नूव्हो’ ही आहे.

आता ‘पोसमोदेर्निस्मो’ घ्या. फेदेरिको दे ओनीस या समीक्षकाने १९३४ मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध केलेल्या काव्यसंग्रहात ही संज्ञा वापरली. तिचा अर्थ होता, दारिओप्रणीत चळवळीच्या ओसरत्या काळातील, तिच्या अलंकारिकतेला आवर घालणारी कविता. हा काळ त्याने १९०५ ते १९१४ असा मानला. चार्ल्स जेंक्स याने वास्तुकलेच्या संदर्भात १९७७ मध्ये आणि ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये रूढ केलेल्या उत्तर-आधुनिक विचाराशी तिचा संबंध नाही. ओनीसच्या लेखनातील या शब्दासाठी भाषांतरकाराने सरळ ‘पोस्टमॉडर्निझम’ लिहिले, तर इंग्रजी वाचक सुमारे सत्तर वर्षे पुढे फेकला जाईल. व्याकरणाची चूक एकही नसेल, आणि तरी इतिहास खोटा ठरेल.

पुढे स्पॅनिशमध्येही ही संज्ञा आजच्या जागतिक अर्थाने वापरली जाऊ लागली. त्यामुळे लेख कोणत्या वर्षीचा आहे, हे पाहिल्याशिवाय तिचे भाषांतर करता येत नाही. याशिवाय स्पॅनिशमध्ये ‘पोसमोदेर्निदाद’ असाही शब्द आहे. ‘-दाद’ हा प्रत्यय आपल्या ‘-ता’सारखा अवस्था दाखवितो, तर ‘-इस्मो’ हा ‘-वाद’सारखा भूमिका किंवा चळवळ दाखवितो. म्हणजे एक समाजाची स्थिती, दुसरी कलेतील प्रवृत्ती. मराठीत आपण पुष्कळदा दोन्हींसाठी ‘उत्तर-आधुनिकता’ हाच शब्द वापरतो आणि एक उपयुक्त भेद गमावतो.

४.३.२ मराठीतील ‘आधुनिक’

ही अडचण दूरदेशीची वाटेल. परंतु ती आपल्याही घरात आहे. दारिओचा जन्म १८६७ चा, केशवसुतांचा १८६६ चा. ‘असुल’नंतर पाच वर्षांनी, १८९३ मध्ये केशवसुतांनी ‘तुतारी’ लिहिली. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांचाच उल्लेख करतो. मात्र इंग्रजीतील ‘मॉडर्निझम’शी ज्यांच्या कवितेचे नाते सांगितले जाते, ते बा. सी. मर्ढेकर. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तो याच वर्षी.

मराठी समीक्षेत ‘आधुनिक’ हे विशेषण केशवसुतांसाठी आधीच योजले गेले होते; मर्ढेकरांच्या पिढीला ‘नवकविता’, ‘नवसाहित्य’ अशी वेगळी नावे मिळाली. तेव्हा एखाद्या मराठी लेखातील ‘आधुनिक कविता’ याचे इंग्रजीत ‘मॉडर्निस्ट पोएट्री’ असे भाषांतर केले, तर केशवसुत एक तर चुकीच्या रांगेत उभे राहतात किंवा उशिरा आलेले अनुकरण म्हणून वाचले जातात. संज्ञेच्या निवडीतून आपल्या वाङ्मयेतिहासाची अशी हानी होऊ शकते. म्हणून ही निवड केवळ शब्दांची बाब राहत नाही.

४.३.३ ‘उत्तर’ या पदाचे स्थान

‘पोस्टमॉडर्न’साठी मराठीत ‘उत्तर-आधुनिक’ आणि ‘आधुनिकोत्तर’ असे दोन पर्याय आढळतात. दोन्हींत घटक तेच आहेत. क्रम बदलला आहे. हा बदल किरकोळ नाही. पुढील दोन गट तपासून पाहा.

(अ) उत्तररात्र, उत्तरार्ध, उत्तरायुष्य, उत्तरपूजा
(आ) मरणोत्तर, स्वातंत्र्योत्तर, पदव्युत्तर, साठोत्तरी

पहिल्या गटात ‘उत्तर’ हे आरंभी येते व ‘नंतरचा भाग’ असा अर्थ देते. उत्तररात्र ही रात्रच असते. गणेशविसर्जनापूर्वी घरोघरी होणारी उत्तरपूजा ही समारोपाची असली, तरी पूजाच असते. दुसऱ्या गटात ‘उत्तर’ शेवटी येते आणि ती गोष्ट मागे पडल्याचे सांगते. मरणोत्तर सन्मान हा मरणाचा भाग नसतो.

या न्यायाने ‘उत्तर-आधुनिक’ म्हणजे आधुनिकाचाच उत्तरभाग, आणि ‘आधुनिकोत्तर’ म्हणजे आधुनिकाच्या पलीकडचे. विचारवंतांतील मुख्य वादही नेमका हाच आहे : ही आधुनिकतेची शेवटची अवस्था, की तिच्याशी झालेला विच्छेद? आपण पर्याय निवडतो, तेव्हा नकळत या वादात एक बाजू घेतो. ओनीसच्या ‘पोसमोदेर्निस्मो’ला पहिल्या गटाचा समास शोभतो, कारण ती चळवळीचीच उतरती कळा होती.

असे असले, तरी रूढीचे बळ व्युत्पत्तीहून मोठे असते. मराठीत ‘उत्तर-आधुनिक’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. म्हणून तो वापरावा; फक्त त्याचा अर्थ समासावरून न काढता प्रथम उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात स्पष्ट करावा.

४.३.४ कलेतील एक संज्ञा : मांडणशिल्प

स्पॅनिशमधील ‘इन्स्तालासिओन’ हा शब्द कलाप्रकारासाठी येतो, तसाच वीज-पाण्याच्या जोडणीसाठीही येतो. अनेकवचनात त्याचा अर्थ ‘इमारतीतील सोयी’ असाही होतो. संग्रहालयाच्या माहितीपत्रकात तो दिसला, की कोणता अर्थ घ्यावा हे वाक्यावरून ठरवावे लागते. मराठीत ‘मांडणशिल्प’ हा शब्द वापरला जातो. तो बोलका आहे व वाचकाला थबकवत नाही. मात्र त्यात ‘शिल्प’ आले आहे. ध्वनी, प्रकाश किंवा नुसती रिकामी खोली यांतून साकारणाऱ्या कलाकृतीला शिल्प म्हणावे का, हा प्रश्न त्या शब्दासोबत येतो. चांगला पर्यायही मूळ संज्ञेत काही भर घालतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

४.३.५ भाषांतरकाराने विचारावयाचे प्रश्न

१. मूळ लेख कोणत्या देशातील व कोणत्या वर्षीचा आहे?
२. लेखक साहित्याविषयी बोलतो आहे, चित्र-वास्तुकलेविषयी की समाजस्थितीविषयी?
३. लेखात या संज्ञेच्या विरोधात कोणती संज्ञा उभी केली आहे?
४. आपण योजलेला शब्द लक्ष्यभाषेत आधीच दुसऱ्या अर्थाने रूढ आहे का?

एकदा निवडलेला पर्याय लेखभर कायम ठेवावा. शैलीसाठी पर्याय बदलणे ललित लेखनात चालते. वैचारिक लेखनात त्यामुळे दोन संकल्पना असल्याचा भास होतो.

४.४ सारांश

पारिभाषिक संज्ञेला अर्थाबरोबर काळ आणि परंपरा असते. स्पॅनिश ‘मोदेर्निस्मो’ व मराठी ‘आधुनिक’ या दोन्ही संज्ञा इंग्रजी ‘मॉडर्निझम’च्या कालगणनेत बसत नाहीत. म्हणून भाषांतरकाराने कोश अवश्य पाहावा, पण त्याआधी संज्ञेचे वर्ष आणि प्रदेश पाहावा.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ओनीसने ‘पोसमोदेर्निस्मो’चा काळ कोणता मानला?
२. ‘-दाद’ या स्पॅनिश प्रत्ययाला जवळचा मराठी प्रत्यय कोणता?

आ) ‘उत्तर’ हे पद असलेले दहा सामासिक शब्द आपल्या वाचनातून जमवा, त्यांचे वरील दोन गटांत वर्गीकरण करा आणि कोणत्याही गटात न बसणारे शब्द वेगळे नोंदवा.

इ) ‘आधुनिक मराठी कविता’ या शब्दप्रयोगाचे इंग्रजी भाषांतर करताना कोणती काळजी घ्याल? सुमारे १५० शब्दांत लिहा.

प्रश्न ‘अ’ची उत्तरे : १. ओनीसने हा काळ १९०५ ते १९१४ असा मानला. २. ‘-ता’ हा जवळचा मराठी प्रत्यय होय.