रोहेकरांच्या घरात नसलेली आठवण

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचल्यावर तिने विचारलं, "आपल्याकडे पेण-रोह्यालाही ज्यू होते ना? त्यांचे पण असेच हाल झाले का?" नाझींनी केलेल्या त्या छळाचं ओझं पुढच्या पिढीतल्या मुलांवर कसं आलं, यावर एखादी कादंबरी आहे का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : तुमच्या भागातल्या जुन्या माणसांना 'ज्यू' म्हटलं तर कदाचित चटकन कळणार नाही, 'शनिवार तेली' म्हणा, लगेच मान डोलावतील. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, ते बेने इस्राएल. गावावरून आडनाव लावायची कोकणी रीत त्यांनीही उचलली, म्हणून पेणकर, रोहेकर, किहीमकर. पेणचं त्यांचं सिनेगॉग, बेथ हा-एलोहिम, 1863 सालचं.

हाल झाले का? नाही. या घरांतून मुलांना सांगितली जाते ती गोष्ट नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिद्याचं ताट मांडायचं: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. युरोपात साठ लाख ज्यू मारले जात होते तेव्हाही कोकणात हे ताट निर्धास्तपणे मांडलं जात होतं. तिकडची खबर मात्र लागलेली होती. हिटलरच्या तावडीतून निसटून आलेल्यांसाठी मुंबईच्या ज्यूंनी 1934 मध्येच मदतसंस्था काढली होती.

आता कादंबरी. डेव्हिड ग्रॉसमन या इस्रायली लेखकाची 'सी अंडर : लव्ह' (मूळ हिब्रू, 1986). तिच्या पहिल्या भागात मोमिक नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. काळ 1959, गाव जेरुसलेम. आईबाप छळछावणीतून वाचलेले, पण त्याबद्दल घरात चकार शब्द नाही. नुसतं 'तिकडे' म्हणायचं. कानावर पडलेला 'नाझी पशू' म्हणजे काय, असं मोमिक शेजारच्या बेलाला विचारतो. ती म्हणते, नीट पोसलं तर कुठल्याही जनावरातून तो निघू शकतो. झालं! पोरगा तळघरात जनावरं आणून कोंडतो आणि त्यांच्यातून तो पशू बाहेर येण्याची वाट बघत बसतो. त्याला त्या पशूला माणसाळवायचं असतं, म्हणजे आईबाबांची भीती जाईल. मोठ्यांनी गप्प राहून मुलांना वाचवता येत नाही, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारं दुसरं पुस्तक मला तरी ठाऊक नाही. पुढचे तीन भाग अवघड आहेत. नववीतल्या मुलीला पहिला भाग पुरे.

गंमत अशी, की मोमिकच्या त्याच काळात कोकणातले बेने इस्राएलही इस्रायलला जात होते. मलिद्याच्या ताटावर वाढलेल्या मुलांना ते 'तिकडे' तिथे शाळेत शिकावं लागलं. त्यांचं स्वतःचं दुखणं वेगळंच निघालं. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. पिढ्यानपिढ्या शनिवार पाळलेल्या लोकांना ज्यूपणाचा दाखला मागायचा! जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. याच्यावर कादंबरी व्हायला हवी, नाही का?

इथे राहिलेल्यांवर मात्र एक आहे, आणि लेखिकेचं आडनाव तुमच्या गावचं: शीला रोहेकर. त्या हिंदीत लिहितात. 'मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा' (2013) ही बेने इस्राएल कुटुंबाच्या पिढ्यांची कथा. आप्त पांगत जातात आणि मागे उरलेल्यांना आपण नेमके कुठले हा प्रश्न छळत राहतो. नाझी पशू इथे नाही, एकटेपण आहे.

फुटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्याकडे हिटलरचं आत्मचरित्र सहज मिळतं. ही दोन मागवून घ्यावी लागतात. आधी मोमिक, मग मिस सॅम्युएल, या क्रमाने द्या. आणि मुलीला घेऊन एकदा पेणचं सिनेगॉग बघून या. रोह्याहून फार लांब नाही.