तुरीची फवारणी आणि कंपवात

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. त्याआधी कित्येक वर्षे वास जातो, बद्धकोष्ठ जडते, झोपेत ओरडणे सुरू होते. पण हे सगळे वयाच्या खात्यावर जमा होते. फवारणीच्या दिवशी आलेली चक्कर घरात सगळ्यांच्या लक्षात राहते, उशिरा दिसलेला विषाचा परिणाम मात्र कोणी फवारणीशी जोडत नाही.

बीदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात तूर डोक्याइतकी वाढते. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरले की नळी वर धरावी लागते आणि तुषार तोंडावरच उतरतात. ओला झालेला रुमाल तर औषध नाकाशी धरून ठेवतो. वाऱ्याकडे पाठ, हातमोजे, तोंडाला योग्य मुखवटा आणि घरी येताच आंघोळ, एवढे तरी पाळावे.

1983 साली कॅलिफोर्नियात बनावट अमली पदार्थातल्या एमपीटीपीमुळे तरुण माणसे थोड्याच दिवसांत कंपवातासारखी जखडल्याचे उघड झाले. पॅराक्वाट या तणनाशकाची रेणुरचना त्या विषाच्या शरीरात बनणाऱ्या रूपाशी मिळतीजुळती आहे. 2011 च्या अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत हा आजार सुमारे अडीचपट आढळला. रोटेनोन तर वनस्पतीपासून काढतात, म्हणून ते निरुपद्रवी मानले जाई. अशा अभ्यासातून एकेका रुग्णाचे कारण ठरत नाही हे खरे. तरी युरोपीय संघात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे, भारतात विकले जाते.

डॉक्टरांकडे जाताना फवारणी किती वर्षे केली आणि कोणती औषधे मारली, हे लिहून न्यावे. कारण विष असो वा नसो, मुख्य औषध लेव्होडोपाच. ती गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलेली बरी, कारण वरणातली प्रथिने तिच्या शोषणात आडवी येतात. तुरीच्या मुलखात हे पथ्य अवघडच. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, म्हणून डॉक्टरांना न सांगता चूर्ण जोडले तर मात्रा वाढते. गोळी एकदम सोडली तर ताप आणि ताठरपणा येऊन जीवावर बेतू शकते. पेशींना बळ देईल अशी आशा असलेल्या कोएन्झाइम क्यू-टेनची मोठी चाचणी मात्र फायदा न दिसल्याने थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले.