कोजागिरीचे दूध : चुलीपासून चांदण्यापर्यंत



पाऊस सरला, आकाश निवळले आणि भात कापणीला आले की आश्विन पौर्णिमा येते. हीच कोजागिरी. ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’, या प्रश्नावरून हे नाव पडले. कोकणात हिला नवान्न पौर्णिमा म्हणतात. विदर्भ-खानदेशात याच रात्री भुलाबाईच्या गाण्यांची सांगता होते. मसाल्याचे आटीव दूध मात्र सगळीकडेच असते.

समजा, यंदा वाडीची कोजागिरी तुमच्या अंगणात आहे. शंभर माणसे येणार. दूध किती आणायचे, सरपण किती लागेल आणि मध्यरात्रीपर्यंत ते दूध चांगले कसे ठेवायचे? वडीलधारी मंडळी हे अनुभवाने ठरवतात. आपण त्याला थोडी गणिताची जोड देऊ या.

सरपण किती?

प्रत्येकाला 150 मिलिलिटर दूध द्यायचे, तर 100 जणांना 15 लिटर आटलेले दूध लागेल. त्यासाठी 20 लिटर दूध घेऊन त्यातले सुमारे 5 लिटर पाणी आटवू.

एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी उष्णता लागते. दुधाला थोडी कमी, सुमारे 0.93. दूध 25 अंशांपासून 100 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे, म्हणजे 75 अंशांनी तापवायचे. 20 लिटर म्हणजे ढोबळमानाने 20 किलोग्रॅम धरू.

20 × 0.93 × 75 = सुमारे 1400 किलोकॅलरी.

आता आटवण्याचा हिशोब. उकळत्या पाण्याची वाफ करायला दर किलोग्रॅमला 540 किलोकॅलरी लागतात. हीच अप्रकट उष्णता. 5 किलोग्रॅम पाण्यासाठी 5 × 540 = 2700 किलोकॅलरी.

पाहा, सगळे दूध उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागली, तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता नुसते चौथाई पाणी उडवायला लागते! म्हणूनच दूध उकळते लवकर, पण आटता आटत नाही.

एकूण झाले 4100 किलोकॅलरी. एक किलोग्रॅम वाळक्या लाकडातून सुमारे 4000 किलोकॅलरी मिळतात. मग किलोभर लाकूड पुरेल का? नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा भागांतला जेमतेम एक भाग भांड्याला पोचतो. बाकीचा वाऱ्यावर आणि धुरावाटे जातो. म्हणून निदान 10 किलोग्रॅम वाळके सरपण हवे. ते ओले असेल, तर त्यातले पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते आणि धूर होतो तो वेगळाच. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केलात, तर लाकूड वाचेल.

दूध उतू का जाते?

पाणी उकळताना बुडबुडे वर येऊन फुटून जातात. दुधात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असतात. तापताना ते पृष्ठभागावर जमून साय धरते. खालून येणारी वाफ या सायीखाली कोंडते. शिवाय प्रत्येक बुडबुड्याभोवती प्रथिनांचा चिवट पापुद्रा असतो, म्हणून तो चटकन फुटत नाही. बुडबुड्यांवर बुडबुडे चढतात आणि पाहता पाहता फेस काठाबाहेर येतो.

उपाय यातूनच सुचतात. भांडे पसरट घ्या आणि दोन तृतीयांशच भरा. त्यात पृष्ठभाग मोठा मिळतो, म्हणून दूध लवकरही आटते. लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून सारखे ढवळा, म्हणजे साय मोडते आणि दूध खाली लागत नाही. भांडे पितळेचे असेल, तर आधी कल्हई तपासा.

ढवळण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. लहान मुले चुलीपासून चार हात दूर असावीत. कोणाच्या अंगावर दूध सांडलेच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडत राहा. हळद, शाई किंवा टूथपेस्ट लावू नका. भाजणे मोठे असेल, तर डॉक्टरांकडे न्या.

चांदण्यात ठेवलेले दूध

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. अनेक ठिकाणी आटवलेले दूध उघड्या पातेल्यात चांदण्यात ठेवतात आणि मध्यरात्री चंद्राचे प्रतिबिंब पाहून मग वाटतात. या वेळात दुधाचे काय होते?

चंद्र स्वयंप्रकाशी नाही. त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या शंभर भागांतले सुमारे बाराच तो परत फेकतो. पौर्णिमेचे चांदणे भर उन्हाच्या सुमारे चार लाखांश असते. उन्हात एका सेकंदात जेवढा प्रकाश पातेल्यावर पडेल, तेवढा पडायला चांदण्यात चार लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल! तेव्हा चांदण्याने दूध तापत नाही आणि त्यातले जंतूही मरत नाहीत.

उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू टिकून राहतात. त्यात उघड्या भांड्यात धूळ पडते, डाव बुडवला जातो, हात लागतात. दूध 60 अंशांच्या वर असेपर्यंत या जंतूंची वाढ होत नाही. दूध कोमट झाले, की मात्र त्यांचे फावते. अनुकूल उबेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे चार तासांत बारा वेळा दुप्पट. करून पाहा: एकाचे 4096 झाले!

मोठ्या पातेल्यात हा धोका जास्त असतो. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, की पृष्ठभाग चौपट होतो, पण आतले दूध आठपट होते. म्हणून कपातले दूध लवकर निवते आणि पातेल्यातले तासन् तास कोमट राहते. नेमके हेच जंतूंना हवे असते. काही जंतूंनी तयार केलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही. एका पातेल्यातून सगळी वाडी आजारी पडू शकते. लहान मुले आणि म्हातारी माणसे तर आधी.

मग प्रथा सोडायची का? मुळीच नाही. पातेले झाकून निखाऱ्यांवर ठेवा. दूध वाफाळत राहिले पाहिजे. चंद्राला दाखवायला त्यातले थोडे दूध ताटलीत वेगळे काढा. वाटताना गरम दूध द्या आणि ते लगेच प्यायला सांगा. ताटलीतले दूध प्यायचे असेल, तर तासाभरात संपवा. उरलेले दूध सकाळसाठी पातेल्यात तसेच ठेवू नका. लहान भांड्यांत काढून गार पाण्यात ठेवून निववा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल, तर दूध बेतानेच आणा.

ताटलीतला चंद्र

ही ताटली म्हणजे तुमची प्रयोगशाळाच. दूध पांढरे, मग त्यात चंद्र दिसतो कसा? दुधाचा पृष्ठभाग पाण्यासारखाच गुळगुळीत असतो. सरळ पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांतले सुमारे दोन भाग तो आरशासारखे परत पाठवतो. बाकीचा बराच प्रकाश दुधाच्या आत विखुरतो आणि दूध पांढरे दिसते. चंद्रबिंब इतके तेजस्वी असते, की त्याचे दोन भागही फिकट दुधावर उठून दिसतात. साय धरली, की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि बिंब फाटते. साय बाजूला सारून पुन्हा पाहा.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. म्हणून तो मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच येतो आणि कोजागिरीला महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी ताटलीत वाकून पाहायला गेलात, तर एक गंमतीची अडचण येईल. ती कोणती आणि ती टाळायला रात्री किती वाजता पाहणे बरे, हे आकृती काढून ठरवा आणि मग अंगणात जाऊन पडताळा घ्या. जागे तर राहायचेच आहे!