जीप उंच करण्यापूर्वी

वास्कोहून डिचोलीच्या खाणपट्ट्यात किंवा पेडण्याच्या आडवाटांनी व्यापारानिमित्त जाणाऱ्या सभासदबंधूंना पावसाळ्यातील तांबड्या चिखलाची ओळख करून देण्याचे कारण नाही. पावसाळा सरल्यावर कुळे येथून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या नदीपात्र ओलांडतात, हेही सर्वांस ठाऊक आहे. अशा वाटांसाठी जीप दोन-तीन इंच उंच करून घ्यावी, असे अनेकांस वाटते. त्या उंचीचा पूर्ण हिशेब येथे मांडीत आहोत.

जुन्या जीपचे अखंड ॲक्सल पाट्यांवर टांगलेले असतात. उंच पाटे बसविले की सांगाडा वर जातो, ॲक्सल मात्र जागीच राहतो. स्टिअरिंगची पेटी सांगाड्यास जोडलेली असल्याने तिच्याकडून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंकचा दांडा अधिक तिरपा होतो. मग खड्ड्यात ॲक्सल वरखाली होताच तो दांडा चाकास ओढतो, आणि चक्र न फिरविताही गाडी बाजूस जाते. शिवाय कॅस्टर कोन कमी झाल्यास वळणानंतर चक्र आपोआप सरळ होत नाही. अनमोड घाटाच्या उतारावर, गाडीत मुलेबाळे असता, हा दोष जिवावर बेतू शकतो.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा. प्रथम टाय रॉडची टोके, किंगपिनची बेअरिंगे व बुश यांची झीज पाहून ती बदलावीत. दुसरे, खाली वळविलेला पिटमन आर्म बसवून ड्रॅग लिंक पूर्ववत आडवा करावा. तिसरे, पाटे नेहमीच्या भाराप्रमाणे निवडावेत. जड भाराचे पाटे रिकाम्या गाडीस हादरे देतात. त्यांच्याखाली पाचर घालून कॅस्टर सुधारावा व प्रोपेलर शाफ्टचा कोन तपासावा. चौथे, शॉक ॲब्सॉर्बर व ब्रेकच्या नळ्या नव्या उंचीस पुरेशा लांब असाव्यात. स्टिअरिंग डॅम्पर शेवटी घ्यावा. तो थरथर झाकतो, तिचे कारण दूर करीत नाही.

२०२० साली आलेल्या थारची पुढील चाके स्वतंत्र आहेत. तेथे वरच्या कंट्रोल आर्मचा व बॉल जॉइंटचा कोन प्रथम पाहावा लागतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

माल घेताना आपण केवळ दर पाहत नाही. वाहतूक, घट व जोखीम धरूनच भाव ठरवितो. उंचीचा भावही तसाच धरावा. स्टिअरिंगचा खर्च त्यात बसत नसेल, तर जीप मूळ उंचीवरच राहू द्यावी, हेच शहाणपणाचे.