संगणकांचा पत्रव्यवहार आणि मुक्तस्रोत आज्ञावल्या

शासकीय कार्यालयातील बारनिशीचे काम बाहेरून पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटते. आलेला कागद नोंदवहीत चढवावा, त्यास आवक क्रमांक द्यावा, तो योग्य त्या मेजावर पाठवावा आणि गेलेल्या कागदाची जावक नोंद ठेवावी, एवढाच हा व्यवहार. परंतु ही नोंद एक दिवस जरी चुकली तरी अर्जदाराचा अर्ज कोठे अडला हे कोणालाही सांगता येत नाही आणि त्याचे हेलपाटे सुरू होतात. आज अनेक अर्ज, दाखले व शिष्यवृत्त्या यांचे काम संगणकाद्वारे होते. तेथेही अशीच एक बारनिशी अखंड चालू असते; फरक एवढाच, की ती डोळ्यांना दिसत नाही. तिचे स्वरूप समजून घेणे हे अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ या सर्वांच्याच हिताचे आहे.

मागणीचा ठराविक नमुना

एका कार्यालयाच्या संगणकास दुसऱ्या कार्यालयाच्या संगणकाकडील माहिती हवी असेल, तर त्याला ती ठरलेल्या नमुन्यातच मागावी लागते. कोणत्या पत्त्यावर मागावी, सोबत कोणते तपशील जोडावेत, स्वतःची ओळख कशी पटवावी आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे सर्व देणाऱ्या संगणकाने आधीच जाहीर केलेले असते. या जाहीर नमुन्यास एपीआय असे म्हणतात. छापील अर्जाचा नमुना ज्याप्रमाणे कचेरी आणि अर्जदार यांच्यामधील करार असतो, त्याचप्रमाणे एपीआय हा दोन संगणकांमधील करार होय.

मागणी पाठविण्याचे काम मात्र दिसते तितके सोपे नाही. प्रथम नावावरून दुसऱ्या संगणकाचा अंकी पत्ता शोधावा लागतो. मग त्याच्याशी जोडणी करावी लागते, समोरचा संगणक खरोखर तोच आहे याची त्याच्या प्रमाणपत्रावरून खात्री करावी लागते आणि मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक स्वरूपात न्यावा लागतो. उत्तर तुकड्यातुकड्यांनी येते. ते जुळवावे लागते. पत्ता बदललेला असेल तर नव्या पत्त्यावर जावे लागते. प्रत्येक कार्यालयाने हे सारे स्वतः लिहावयाचे म्हटले तर त्यात वेळ जाईल आणि प्रत्येक ठिकाणी नव्या चुका होतील. म्हणून हे काम एकदा नीट लिहून सर्वांसाठी तयार ठेवलेले असते. अशा तयार आज्ञावलीस संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी हे नाव आहे. ज्या लायब्ररीची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता, सुधारता आणि पुढे देता येते, ती मुक्तस्रोत लायब्ररी होय.

कर्लची वाटचाल

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कर्ल आणि तिच्यातील लिबकर्ल ही लायब्ररी. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांना १९९६ साली परकीय चलनांचे दर आपोआप आणणारे साधन हवे होते. ब्राझीलमधील राफाएल सागुला यांनी लिहिलेली एक लहानशी आज्ञावली त्यांच्या हाती आली आणि तिच्यात ते भर घालीत गेले. २० मार्च १९९८ रोजी कर्ल या नावाने ती प्रथम प्रसिद्ध झाली. २००० साली तिच्यातील मुख्य भाग लिबकर्ल या रूपाने वेगळा करण्यात आला. त्यामुळे इतर आज्ञावल्यांनाही तो आपल्यात सामावून घेता येऊ लागला. आज तिची संहिता दीड लाखांहून अधिक ओळींची असून तीन हजारांहून अधिक व्यक्तींनी तिला हातभार लावला आहे. फोन, मोटारी, दूरचित्रवाणी संच अशा असंख्य वस्तूंत ती आहे. २०१७ साली स्टेनबर्ग यांना स्वीडनचे पोल्हेम पारितोषिक देण्यात आले.

पायथन या भाषेसाठी केनेथ राइट्झ यांनी २०११ साली रिक्वेस्ट्स ही लायब्ररी प्रसिद्ध केली. ती स्वतः यूआरएललिब-थ्री या दुसऱ्या मुक्तस्रोत लायब्ररीवर उभी आहे. अशा रीतीने एकाचे काम दुसऱ्याच्या कामाचा पाया बनते.

पोच म्हणजे मंजुरी नव्हे

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक उत्तराबरोबर एक स्थितिक्रमांक येतो. २०० म्हणजे मागणी यथास्थित पुरी झाली. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही. ५०० म्हणजे देणाऱ्या संगणकातच बिघाड झाला. कर्लला वेगळी सूचना दिली नाही, तर ४०४ किंवा ५०० हे उत्तर आले तरी ती आपले काम यशस्वी झाले असेच कळविते. रिक्वेस्ट्स लायब्ररीही असा क्रमांक आला म्हणून आपण होऊन थांबत नाही. यात लायब्ररीचा दोष नाही. टपाल्याने पत्र पोचविले आणि उत्तर आणून दिले. उत्तरात नकार आहे की होकार, हे पाहणे टपाल्याचे काम नव्हे.

समजा, एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज गावातील सेवाकेंद्रातून पाठविला गेला. पलीकडच्या संगणकाने ५०० असे उत्तर दिले. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याने तो क्रमांक तपासलाच नव्हता. पडद्यावर 'अर्ज सादर झाला' असे उमटले. मुदत संपली आणि अर्ज कोठेच नाही. त्या मुलीच्या हातून काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते उत्तर न वाचणे.

याच कारणाने पुढील चार गोष्टींची दक्षता घेणे आवश्यक ठरते.

पहिली, स्थितिक्रमांक तपासल्याखेरीज काम झाले असे कोणासही कळवू नये. क्रमांक २०० असला तरी उत्तराच्या मजकुरात त्रुटी नोंदविलेली असू शकते. म्हणून मजकूरही पाहावा.

दुसरी, कालमर्यादा घालावी. रिक्वेस्ट्स लायब्ररीस कालमर्यादा सांगितली नाही तर ती उत्तराची वाट पाहतच राहते आणि खिडकीपुढील रांग ताटकळते.

तिसरी, फेरमागणी विचारपूर्वक करावी. केवळ माहिती विचारणारी मागणी दोनदा गेली तरी बिघडत नाही. परंतु पैसे भरण्याची किंवा अर्ज नोंदविण्याची मागणी दोनदा गेल्यास दोन नोंदी होऊ शकतात. म्हणूनच नवी नोंद करणारी मागणी पलीकडे पोचल्यावर उत्तर मिळाले नाही, तर यूआरएललिब-थ्री ती आपण होऊन पुन्हा पाठवीत नाही. अशा मागणीस प्रारंभीच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. दुसरी प्रत आली तरी ती पहिल्याचीच आहे, हे पलीकडच्या संगणकास त्यावरून ओळखता येते.

चौथी, प्रमाणपत्राची तपासणी बंद करू नये. अडचण आली की ही तपासणी तात्पुरती बंद करण्याचा मोह होतो आणि ती पुढे तशीच बंद राहते. याचा अर्थ असा, की दारात आलेल्या कोणासही नाव न विचारता नागरिकांचे कागद हवाली करणे होय.

मुक्त म्हणजे निश्चिंत नव्हे

संहिता सर्वांना वाचता येते, म्हणून तिच्यात दोष नसतो असा समज करून घेणे बरोबर नाही. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी कर्लची ८.४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात एक गंभीर दोष दुरुस्त करण्यात आला. मध्यस्थ संगणकामार्फत जाणाऱ्या मागणीत यजमान संगणकाचे नाव फार लांब असल्यास स्मृतीतील नेमून दिलेली जागा ओलांडली जात असे. हा दोष २०२० पासून संहितेत होता. तो आपल्याच हातून झाला, हे स्टेनबर्ग यांनी उघडपणे मान्य केले व तो कसा घडला हे सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. चूक, तिचे कारण आणि तिची दुरुस्ती तिन्ही सर्वांसमोर येतात, हे मुक्त पद्धतीचे बळ होय. परंतु दुरुस्त आवृत्ती आपल्या संगणकावर बसविली नाही, तर त्या प्रामाणिकपणाचा आपल्याला काहीच उपयोग नाही.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. या लायब्रऱ्या सांभाळणारी माणसे थोडी असतात आणि पुष्कळदा ती हे काम फावल्या वेळात करतात. जानेवारी २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीने स्टेनबर्ग यांना पत्र पाठवून सुरक्षेविषयीच्या प्रश्नांची उत्तरे २४ तासांत मागितली होती. वस्तुतः त्यांचा त्या कंपनीशी कोणताही करार नव्हता. जावास्क्रिप्टमधील रिक्वेस्ट या लोकप्रिय लायब्ररीचे काम २०२० साली तिच्या सांभाळणाऱ्यांनी अधिकृतरीत्या थांबविले. फुकट मिळालेल्या वस्तूची निगा कोणीतरी राखीत असतो आणि तो एके दिवशी थांबूही शकतो.

कार्यालयांनी व शाळांनी करावयाचे

भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराविषयी आणि खुल्या एपीआयविषयी अशी दोन धोरणे जाहीर केली आहेत. त्यांचा लाभ घेताना प्रत्येक कार्यालयाने आपल्या प्रणालीत कोणत्या लायब्रऱ्या आहेत, त्यांची आवृत्ती कोणती, परवाना कोणता आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, याची एक नोंदवही ठेवणे इष्ट होय. काम बाहेरच्या संस्थेकडे दिलेले असल्यास ही नोंदवही मागून घ्यावी. दोष सापडल्यास तो लायब्ररीच्या सांभाळणाऱ्यांस व्यवस्थित पुराव्यानिशी आणि सौजन्याने कळवावा.

कर्ल हे साधन २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये व अनेक लिनक्स संगणकांवर आधीपासूनच असते. शिक्षकांनी प्रयोगशाळेत त्याच्या साहाय्याने एक अस्तित्वात असलेले आणि एक नसलेले पान मागवून दोन्ही वेळचे स्थितिक्रमांक विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्यावेत. पाच मिनिटांच्या या प्रयोगातून पोच आणि मंजुरी यांतील भेद मुलांच्या मनावर ठसेल.

ग्रामस्थांनीही 'सादर झाला' या शब्दांवर न थांबता अर्जाचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो दुसऱ्या दिवशी तपासून पाहावा. यंत्राने निरोप पोचविला तरी त्याचे उत्तर वाचण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.